जबडा धरणारा प्रमुख

एका वेबसाइटसाठी मी मालिकांची परीक्षणं लिहिते, म्हणजे बहुतेक वेळा त्यांची पिसंच काढते. शुक्रवारी दुपारी नवा भाग येतो आणि संध्याकाळपर्यंत परीक्षण पाठवावं लागतं. आई गेल्यापासून नागपुरातल्या हुडकेश्वरच्या घरात मी आणि बाबा दोघंच. भाग सोबत बघायचा, मी लिहिता लिहिता मोठ्यानं वाचायचं, आणि बाबा ‘हे खोटं आहे’ म्हणाले की ते वाक्य भांडून टिकवायचं, नाहीतर काढायचं, ही आमच्या घरची रीत.

त्या शुक्रवारी महाशक्तिवाल्या गुप्तहेरांची मालिका होती. तिच्यात एकाला हवेतच गोळ्या थांबवता येतात, एकीला भिंतीपलीकडचं दिसतं. त्यांच्या प्रमुखाला मात्र हुकूम सोडण्यापलीकडे काही येत नाही. या भागात शत्रूनं सगळ्यांना गोदामात कोंडलेलं, आणि नेमका तेव्हाच प्रमुखाला हृदयविकाराचा झटका येतो. तो टीमपासून लपवतो. भिंतीला टेकतो आणि छाती धरायची सोडून जबडा धरतो.

मी भाग थांबवला आणि टाइप करत वाचलं, “प्रमुखाला झटका आलाय की दाढ दुखतेय, हे दिग्दर्शकालाच ठाऊक नसावं.” वाक्य मला फारच आवडलं होतं.

“काढ ते,” बाबा म्हणाले. “त्याचं बरोबर आहे.”

“काहून?”

“असंच दुखते. पहिले जबडा, मंग डावा हात. जिना चढलं का जास्त, थांबलं का कमी.”

मी मान वळवून बघितलं. कूलरसमोर बसूनही त्यांची बनियन घामानं भिजली होती आणि उजव्या हातानं ते डावा दंड चोळत होते.

“तुम्हाले कसं माहीत, बाबा?”

“अशी काहून पाहून राहिली वं? परवा तर्री जास्त झाली, बस. चालू कर.”

आमच्या नागपुरात छातीत काहीही झालं की गुन्हेगार ठरलेला असतो, पोह्यावर ओततात ती झणझणीत, तेलकट तर्री. माणूस ओवा चावतो, सोडा पितो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ठेल्यावर उभा राहतो. बाबांच्या उशाशी बरेच दिवस ओव्याची डबी होती. ती रिकामी झाली की मीच भरत होते.

“उठा. दवाखान्यात जाऊ.”

“भाग तं संपू दे.”

“उठता का मी ओरडू?”

मी ओरडलेच. शेजारच्या काकू धावत आल्या आणि त्यांनी गाडी काढली. रस्त्यात प्रत्येक सिग्नल लाल. मी मनातल्या मनात अख्ख्या शहराला शिव्या घालत होते.

“काय त्रास होतोय?” डॉक्टरांनी विचारलं.

“काही नाही साहेब, जराशी तर्री...”

“खोटं बोलून राहिले!” मी मध्येच तोडलं आणि जबडा, हात, जिना, सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी पुढचं ऐकून घेतलं नाही. ईसीजी काढला, स्ट्रेचर आलं, आणि बाबा दाराआड गेले.

बाहेर बाकावर बसले असताना संपादकांचा फोन आला. मी तो कापला. मोबाइलवर तेच अर्धवट परीक्षण उघडं होतं. दाढेचं वाक्य मी पुसलं, पण त्या जागी काही सुचेना. काकूंनी आणलेला चहा हातातच गार झाला. शेवटी डॉक्टर आले आणि म्हणाले की मुख्य नस जवळजवळ बंद झाली होती, ती उघडली आहे.

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं.

“वाचला का तो?” बाबांनी बारीक आवाजात विचारलं.

“कोण?”

“तुह्या मालिकेतला.”

“पुढं पाहिलंच नाही मी.”

“पाहून घे. अन् त्यानं काम चांगलं केलं, असं लिही.” ते छताकडे बघत म्हणाले, “पण त्याचं चुकलं, हेही लिही. टीमले पहिलेच सांगाले पाहिजे होतं.”

मला राग आला होता आणि रडूही येत होतं. “मंग काहून नाही सांगितलं त्यानं?”

“टीम एकटी पडन, याचं भेव वाटलं असंन,” बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

टीम म्हणजे मी एकटीच होते.