बोटभर आखूड

थोरल्या भावानं, आमच्या अण्णानं, वडगावच्या घरातले दोन्ही यंत्रमाग विकून खोदाईचं जुनं मशीन घेतलं, तेव्हा त्याची देखभाल माझ्याकडं आली. माझी लायकी एवढीच, की मी ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये टेबलाशी बसून पावत्या फाडत होतो. तेवढ्यावर घरात मी इंजिनातला जाणकार ठरलो, आणि मीही तो गैरसमज मोडायच्या भानगडीत पडलो नाही.

खंडेनवमीच्या पूजेआधी मशीनला पिवळा रंग मीच दिला. दोन हात. इंजिनावरची नंबराची पट्टीसुद्धा सोडली नाही. वहिनीनं ओवाळलं, आणि मी असा उभा, जसं काही मशीन मीच घडवलंय.

पुढं हवेचा फिल्टर बदलायची वेळ आली. काम निपाणीकडं हायवेला चालू होतं, म्हणून तिथल्याच दुकानात गेलो. दुकानदारानं इंजिनाचा नंबर विचारला. तो रंगाखाली. मी जुना फिल्टर काउंटरवर ठेवला आणि म्हणालो, ह्याच्यासारखा द्या. कुकरची रिंग असो नाहीतर नळाचा वायसर, आमच्याकडं जुनं नेऊन जुळवायची रीत. नंबर बघून आला असता तर बरं झालं असतं, असं तो पुटपुटला. मी त्याला माझं शोरूम ऐकवलं. मग त्यानं दोन्ही फिल्टर शेजारी उभे केले. तंतोतंत जुळले.

जुळणारच. आधीच्या मालकानंही चुकीचाच बसवला होता, बोटभर आखूड. त्याचं रबर नीट टेकत नव्हतं. फटीतनं रस्त्याची तांबडी धूळ थेट इंजिनात जात होती, आणि मी मोठ्या शिस्तीनं, वेळच्या वेळी, तसलाच नवा फिल्टर बसवत होतो. ऑइल कमी व्हायला लागलं, ओतत गेलो. निळा धूर आला, तर म्हणालो, जुन्या मशीनला एवढं चालायचंच. अण्णानं ऐकलं. इंजिनाचं तो माझंच ऐकायचा.

इंजिन बसलं तेव्हा मेकॅनिकनं फिल्टरच्या पुढचा पाइप काढून आत बोट फिरवलं आणि तांबडं झालेलं बोट अण्णापुढं धरलं. इंजिन नव्यानं बांधायची ऐपत नव्हती. मशीन आहे तसंच विकायला काढलं.

गिऱ्हाइकानं आधी इंजिनाचा नंबर मागितला. मी ब्लेडनं रंग खरवडला. खाली नंबर एकदम स्वच्छ. अण्णा शेजारीच उभा होता.

"हितंच होता व्हय रं?"

"व्हय."

त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चारचौघांत सांगून हसवता तरी आलं असतं.

आता तो पलीकडच्या गल्लीत मजुरीवर माग चालवतो. त्यातला एक आमचाच, त्यानं विकलेला. परवा त्याचा पट्टा तुटला. मी तिथंच होतो. म्हणालो, आणतो मी.

"ऱ्हाऊ दे," म्हणाला, आणि तुटका पट्टा पिशवीत घालून स्वतः सायकल काढली.