पाहुण्यांची कळशी

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात गारखेड्यात नवी घरं भराभर उठत होती आणि आमचा नळ मात्र कोरडा होता. टँकर दिवसाआड यायचा. रांगेत उभं राहायचं काम दादाचं. कॉलेजात गेल्यापासून त्याला हंडा उचलायची लाज वाटायला लागली होती, म्हणून त्यानं मला गाठलं. मी दहा वर्षांची.

त्याच्याकडं एका विलायती रॉक बँडची कॅसेट होती. ती लागली की मी कॉटवर उड्या मारायचे.

"हा बँड जगाच्या दौऱ्यावर निघालाय," दादा म्हणाला. "आपल्याकडं बी येणार. तू पाणी भर, तुला पहिल्या रांगेत बसवतो."

"खरंच?"

"व्हय गं. आईशप्पथ."

मग काय, वाहिले हंडे. दर टँकरला बँड एक गाव पुढं सरकायचा. लंडन, कैरो, मुंबई. शाळेच्या नकाशावर मी टिंबं देत होते. आमच्या अलीकडचं लासूर स्टेशन नकाशात नव्हतं, ते मी पेनानं घातलं. तिथं ते उतरून भजी खाणार होते म्हणे. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

आमच्यात दारी आलेल्याला आधी पाणी विचारतात. एवढ्या लांबून येणाऱ्यांना कोरडं कसं पाठवायचं? माझ्या अंघोळीच्या पाण्यातून तांब्या-तांब्या काढून मी कॉटखाली एक कळशी भरली. अंगभर घामोळं उठलं, आई ओरडली, तरी बोलले नाही. फक्त दादाला सांगितलं.

"लई शहाणी हायस," तो म्हणाला. "झाकून ठिव."

बँड लासूरला पोचला त्या दुपारी मी टँकरवरून हंडा घेऊन आले. दादाला मित्राच्या बहिणीच्या लग्नाला जायचं होतं. तो मोरीत डोकं धूत होता. शेजारी माझी कळशी, उपडी.

"ते पाहुण्यांचं पाणी हाय!"

"कसले पाहुणे? तो बँड तुझ्या जन्माआधीच फुटलाय, येडे!" तो फेसातून हसला. "तांब्याभर दे गं, डोळे झोंबायलेत."

मी रडत रडत नुकत्याच आणलेल्या हंड्यातून तांब्या भरून दिला.

दौऱ्याची थाप मी केव्हाच माफ केली. भाऊ थापा मारतातच. पण ती कळशी कुणासाठी आहे, हे घरात त्याला एकट्यालाच माहीत होतं.