सरदाराची पितळी पाटी

शाळा अर्धवट सोडून मी लातूरहून कोल्हापुरात कामाला आलो होतो. कळंब्याच्या आटलेल्या तळ्यात जुन्या वस्तू धुंडाळताना मला अक्षरं कोरलेली, पण वाचता येऊ नये इतकी काळवंडलेली पितळी पाटी सापडली. सरदाराची असणार, असं मी घरी कळवूनही टाकलं. मग धाकधुकीनं ती भांड्यांवर नावं घालणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेली. त्यानं चिंच चोळली, डोळे मिटून अक्षरांवर अंगठा फिरवला आणि खदखदून हसला.

"पावणं, ही माझ्याच हातची! गवळ्याच्या म्हशीची हाय. चुकली तर घरला पोचावी म्हणून गळ्यात बांधल्याली."

माझा चेहरा पडला. त्यानं पाटी उलटी करून छिन्नी उचलली. काय घालू विचारल्यावर मी माझं नाव सांगितलं, लातूर हे गावही सांगितलं.

"एवढ्या लांब कोण पोचवणार तुमास्नी? कोल्हापूरच घालतो की."

पाटी आजही माझ्या दारावर आहे. घरी म्हशीचं सांगायचं तेवढं राहिलंय.