सोनटक्के ताईंचा रकाना

तालुक्याच्या कचेरीतून फोन आला की मी आजही घाबरतो. तीन आठवड्यांपूर्वी नांदेडात माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानाचं शटर उघडत होतो आणि नेमका तोच नंबर वाजला. पलीकडे रेणुका, तिथली नवी क्लार्क. "सर, आपल्या सोनटक्के ताई काल वारल्या. हार्ट अटॅक." आणि मी, स्वतःला ताईंचा धाकटा भाऊ म्हणवून घेणारा माणूस, काय बोललो असेन? "सोमवारची यादी बरोबर निघाली ना?" मी अर्धं शटर तसंच ठेवून पायरीवर बसलो. दुःख नंतर आलं, आधी भीती आली. माझ्या प्रोग्रामवर नजर ठेवणारं आता कुणी उरलं नव्हतं...

या भीतीची हकीकत लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यातली. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत (नाव राहू द्या, आधीच माझ्यामुळं तिला पुरेसा ताप झालाय) ताई टँकरचं टेबल सांभाळायच्या. कुणी न शिकवता, कॉम्प्युटरवरच्या ऑफिस पॅकेजमधल्या डेटाबेसमध्ये त्यांनी चाळीसेक गावांची यादी बांधली होती. रंग भडक, बटणं वाकडी. पण रोज सकाळी तिच्यातून कागद छापून निघायचा आणि त्या क्रमानं टँकर सुटायचे. त्यातच नव्या जिल्ह्याची हूल उठली. आपला तालुका तिकडं जाणार म्हणून साहेबांना घाई झाली. ताईंचा पसारा त्या एकाच मशीनवर, त्या एकाच पॅकेजवर चालायचा. त्याचा स्वतंत्र प्रोग्राम करा, म्हणाले, पेनड्राइव्हवर घालून कुठंही नेता आला पाहिजे. जिल्हा अजून व्हायचाय. प्रोग्राम मात्र आठ दिवसांत झाला, कारण तो करणारा, कचेरीतला तेव्हाचा कंत्राटी कॉम्प्युटरवाला, मी होतो.

नेमक्या त्याच आठवड्यात ताई लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "सर, मी आल्याबिगर चालू करू नका. काय विचारायचं हाय ते आधी विचारून घ्या." मी म्हणालो, "ताई, डेटा बोलतो आपल्याशी. माणसांना कशाला त्रास द्यायचा?" हे वाक्य मी खरंच उच्चारलं होतं, साक्षीदार आहेत. मग त्यांच्या यादीतला पहिलाच रकाना पाहून मला हसू आलं. अनुक्रमांक, तोही हातानं भरलेला आणि दर आठवड्याला बदललेला. मी तो रकाना उडवला, गावं अकारविल्हे लावली आणि क्रमांक प्रोग्रामनं आपोआप द्यावेत अशी सोय केली. साहेबांनी चहा पाजला. मंगळवारपासून माझी यादी सुरू झाली.

पुढच्या सोमवारी ताई परत आल्या, पेढ्याचा पुडा टेबलावर ठेवला आणि कागद हातात घेतला. त्यांचं बोट वरून खाली सरकत शेवटच्या ओळीवर थांबलं. "हे नंबर कुणी दिले?"

"आपोआप येतात, ताई."

"होनमाळ शेवटी?"

"ह शेवटीच येणार की."

ताई खाली बसल्या. टँकर ज्या विहिरीवर भरायचे तिथली लाईट दुपारी चारला जायची. यादीतली शेवटची दोन-तीन गावं राहून जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वरून सुरुवात. म्हणून ताई दर सोमवारी प्रत्येक गावातल्या एका पाणी भरणाऱ्या बाईला फोन करायच्या, आडात किती आहे विचारायच्या आणि त्यावरून नंबर टाकायच्या. राहिलेलं गाव दुसऱ्या दिवशी आपल्या हातानं वर घ्यायच्या. होनमाळच्या आडाचा तर तळ दिसत होता. "सहा दिस झाले, सर. एक खेप गेली न्हाई तिथं." त्यांनी होनमाळला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. "सरूबाई पहिल्या घंटीला उचलती," ताई म्हणाल्या, आणि चप्पल घालायला उठल्या.

जीपमध्ये मी मनातल्या मनात माझ्या प्रोग्रामची एकेक ओळ आठवत होतो, जणू त्यातली एखादी चुकीची निघाली तर बरं. पण सगळ्या बरोबर होत्या. गावाबाहेर आडाभोवती बायका उभ्या दिसल्या. सरूबाईच्या हातात दोर होता आणि तिची सून आडात उतरली होती, तळाचं पाणी वाटीनं खरडून घागरीत भरायला. मी तिथवर गेलो नाही. जीपचं दार धरून मी ऐकत राहिलो. आत दगड सुटून पडत होते. एक... मग थोड्या वेळानं आणखी एक. ताईंनी पदर खोचला आणि सरूबाईच्या मागं दोर धरला. सून वर आली, कोपरापर्यंत चिखल, अर्धी घागर. तेवढ्यात गावातले गडी जीपपाशी आले. टँकर का नाही, त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघालं, "मशीनमध्ये बिघाड झालता."

ताईंनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. "बिघाड न्हाई. मी रजेवर होते. माझी चूक हाय."

त्या चुकीची नोटीस त्यांनाच निघाली, खुलासा त्यांनीच लिहिला. मी तो टाईप करून दिला, व्यवस्थित समास सोडून. परतताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "रकाना परत घाला. अन् तो रिकामा असला तर यादी छापलीच न्हाई पाहिजे." तो प्रोग्राम आजही तसाच अडून बसतो. पुढची सगळी वर्षं त्या मला अधूनमधून फोन करायच्या, "काय सर, डेटा बोलला का आज?" मी हसायचो. खरं काय ते गावाला सांगून टाकावं, असं दर वेळी मनात यायचं आणि दर वेळी पुढच्या उन्हाळ्यावर जायचं.

या सोमवारी कचेरीत गेलो. रेणुका ताईंच्या खुर्चीवर बसून फोन करत होती. पाऊस बरा झालाय, टँकर एकही नाही, तरी फोन चालू आहेत; ताईंनी तसं बजावून ठेवलं होतं. होनमाळ लागलं तेव्हा मीच हात पुढं करून रिसीव्हर घेतला. "मावशी, त्या साली ताईंची चूक नव्हती. यादी मी बिघडवली होती."

"ते तवाच कळलं की," सरूबाई म्हणाली. "ताई आडाकडं पळाली अन् तू जीपपाशीच हुबा. मी ताईला म्हणलं बी, त्याला बोलत का न्हाईस. तर म्हणली, लई भेलाय तो. भेऊ दे. भेलेला माणूस पुन्हा इचारल्याबिगर काई करत न्हाई."

रेणुकानं पेन पुढं सरकवलं. पलीकडून सरूबाई म्हणाली, "इचार की मग. फोन कशाला केलास?"

मी विचारलं, "आडात किती हाय, मावशी?"

"थांब," ती म्हणाली, "बघून येते." आणि मी रिसीव्हर कानाला धरून थांबलो.