वाऱ्याच्या तोंडावर हळदीकुंकू

विश्वचषकाचं स्टेडियम उभं राहत होतं आणि कतारमध्ये अल खोरला आमच्या कंपाउंडच्या भिंतीमागे काँक्रीटचा प्लांट धडधडत होता. पुसलेलं टेबल तासाभरात पुन्हा पांढरं. माझी मुलगी सतत खोकायची आणि वर मलाच समजवायची, "आई, आय ॲम फाइन." मी आपली घरभर येरझाऱ्या घालत खिडक्या लावत सुटायची. नवऱ्याचं एकच पालुपद: "तक्रार नको. व्हिसा कंपनीच्या हातात आहे."

शेजारीण बल्गेरियाची, डॅन्यूबकाठची. तिच्या लहानपणी नदीपलीकडच्या रोमानियातल्या कारखान्याचा क्लोरीन त्यांच्या गावावर यायचा. दोन्हीकडे समाजवादी सरकारं, त्यामुळे मित्रदेशाविरुद्ध ब्र काढायची सोय नव्हती. शेवटी बायका बाबागाड्या ढकलत रस्त्यावर उतरल्या. पोरांच्या श्वासाला राजकारण कोण म्हणणार? तिथली पर्यावरणाची चळवळ त्यातूनच वाढली आणि पुढे सरकारलाही जड गेली.

"तुम्हीही निघा," ती म्हणाली. इथे? पहिल्याच वळणावर खलास! पण हळदीकुंकवाला कोण अडवणार?

संक्रांतीला आम्ही सगळ्या मराठी बायकांनी बाहेर लॉनवर मांडामांड केली, मुद्दाम वाऱ्याच्या तोंडावर. प्लांटच्या मॅनेजरची बायको पुण्याची. तिला अगत्याने बोलावलं. तिळाच्या वड्या उघड्याच ठेवल्या. तिने वडी तोंडात टाकली आणि चावता चावता थांबली.

"अगं बाई, काय कचकचतंय हे?"

"तुमच्या साहेबांचं सिमेंट," मी म्हणाले. "तिळगूळ घ्या, गोड बोला."

थोड्याच दिवसांत प्लांट तिथून हलला. मुलीचा खोकलाही थांबला. काय मिरवलं मी तेव्हा!

मग एका सकाळी कंपनीच्या बसचा ड्रायव्हर खोकताना दिसला. हा बीडकडचा, बायकापोरं गावाकडे, स्वतः कामगारांच्या कॅम्पात राहायचा. मी विचारलं तर म्हणाला, "ते सिमेंटचं यंत्र आता आमच्या भितीला खेटून बशिवलंय, ताई."

माझं डोकंच फिरलं. बायकांच्या ग्रुपवर लिहिलं, पुन्हा जमू या. एकीचंच उत्तर आलं: "आपल्या दारातलं गेलं ना, मग?" शेजारणीला सांगितलं, तर ती खांदे उडवून म्हणाली, "क्लोरीन थांबला तशा आमच्याही बायका घरी गेल्या."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढताना ड्रायव्हरने विचारलं, "पोरीचा खोकला ग्येला का न्हाई, ताई?"

"गेला," मी म्हणाले आणि त्याच्याकडे न बघता मागच्या सीटवर जाऊन बसले.