तिसऱ्या रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर मी उघडलं नाही

मागच्या गुरुवारी आम्ही लातूरहून नांदेडला गेलो होतो... रिव्हॉल्व्हर बघायला. दचकू नका, रीतसर परवाना आहे. माझी सोयाबीन-तुरीची आडत आहे हे इथल्या बहुतेकांना माहीत आहेच.

परवाना का काढला तेही सांगतो. दीड वर्षापूर्वी भर दुपारी लोह्याच्या अलीकडं दोघांनी बाईक आडवी घातली, गाडीची काच फोडली आणि कोयता आत घातला. पैशांची बॅग मी लगेच देऊन टाकली, तरी शेजारी बसलेल्या माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या दंडावर सात टाके पडले.

मी नुसता बसून राहिलो होतो... हे काही केल्या डोक्यातून जात नव्हतं. अजूनही मागून बाईक जवळ आली की माझे हात स्टेअरिंगवर ओले होतात.

म्हणून घ्यायचं तर मोठ्या बोअरचंच, म्हणजे रुंद नळीचंच, असं मी ठरवून टाकलं होतं. छोटं म्हणजे दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल, असं माझं ठाम मत. महिनाभर व्हिडिओ बघितले. एवढा अभ्यास दहावीला केला असता तर आज आडतीवर बसलो नसतो.

सोबत सुनंदा आणि तिचे मामा होते. मामा पोलीस खात्यात आर्मोरर होते, म्हणजे शस्त्रांची दुरुस्ती-देखभाल करणारे. आता रिटायर होऊन नांदेडजवळ विष्णुपुरीला राहतात आणि दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलतात. दुकानात शिरतानाच त्यातली दोन खर्च केली.

"जावई, हातात आलं की आधी सिलिंडर उघडून बघायचं. म्या दिलं तरी उघडायचं." सिलिंडर म्हणजे गोळ्या भरायच्या खोल्यांचं फिरतं चाक.

दुकानदार भला माणूस. त्यानं कोपऱ्यातली वाळूची पेटी दाखवली आणि चाप ओढून बघताना नळी तिकडंच ठेवा, असं बजावलं. सुनंदाला त्याच्या बायकोनं मागच्या खोलीत चहाला नेलं. मध्ये फक्त एक फुलाफुलांचा पडदा.

पहिलं रिव्हॉल्व्हर नवं, देशी, छोट्या बोअरचं. हलकं होतं, पण चाप असा कडक की बोट दुखलं. दुसरं विदेशी, जुनं, मोठ्या बोअरचं... आणि काय चकाकत होतं! मी तर तिथंच विरघळलो. मामांनी हॅमर, म्हणजे गोळीवर आपटणारा घोडा, मागं ओढला, सिलिंडर दोन बोटांत धरून हलवलं आणि माझ्यापुढं केलं. दाताच्या डॉक्टरनं बघावा तसा हलता दात. गोळीची खोली नळीच्या नेमकी समोर थांबत नसेल तर कधीतरी ते आपल्याच हातात दगा देईल, असं त्यांनी समजावलं. दोन्ही वेळा मी सिलिंडर उघडून बघितलं होतं. शहाण्या विद्यार्थ्यासारखं.

तेवढ्यात तिसरं आलं. एक वयस्कर गृहस्थ, रिटायर मास्तर, परवाना परत करणार म्हणून आपलं जुनं रिव्हॉल्व्हर दुकानात विकायला घेऊन आले. मोठ्या बोअरचं, वजनदार, रंग उडालेला... पण घट्ट. बोलता बोलता ओळख निघाली. त्यांची थोरली बहीण आमच्या उदगीरच्या आत्याची शेजारीण! झालं, गप्पा रंगल्या. सकाळीच रिकामं करून आणलंय, असं ते म्हणाले आणि माझ्या हातात दिलं.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. पोत्यात परखी, म्हणजे पोकळ टोकदार सळई, खुपसायची, चार दाणे तळहातावर घ्यायचे, मग भाव बोलायचा. पण माल ओळखीच्या माणसाचा असला तर परखी लावत नाहीत. लावली तर त्याचा अपमान होतो... तीस वर्षं हेच करतोय.

मी सिलिंडर उघडलं नाही.

मामा चष्मा पुसत होते. मी मास्तरांशी बोलत बोलत हॅमर मागं ओढला. हात वाळूच्या पेटीवरून कधी सरकला, कळलंच नाही. मी चाप ओढला.

आवाज झाला नाही. मामांचा हात कुठून आला ते मला अजून सांगता येत नाही. त्यांनी हॅमरच्या आणि लोखंडाच्या मधे अंगठा घातला होता. हॅमरचं टोक नखाच्या खाली रुतलं होतं आणि रक्त माझ्या मनगटावर ओघळत होतं.

मामांनी दुसऱ्या हातानं हॅमर उचलला, अंगठा सोडवला, सिलिंडर उघडलं. पाच खोल्या रिकाम्या. सहावीत एक जुनी गोळी चिकटून बसलेली, पितळेवर हिरवं चढलेलं... नेमकी नळीच्या समोर.

डोळ्यांना कमी दिसतं हो, एवढंच मास्तर पुटपुटत राहिले. पण मी त्यांच्याकडं बघत नव्हतो. नळी पडद्याकडं होती. पडद्याच्या मागं सुनंदा कशाला तरी हसत होती.

मामांनी अंगठा रुमालात गुंडाळला. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "नजर होती तुमच्यावर म्हणून निभावलं. ओळख माणसाची असती जावई, लोखंडाची न्हाई."

त्या दिवशी काही घेतलं नाही. पुढं घेईन की नाही तेही माहीत नाही. परत येताना लोह्याजवळ मागून एक बाईक आली आणि पुढं निघून गेली. पहिल्यांदाच मला त्या बाईकची भीती वाटली नाही. मला माझ्याच हातांची भीती वाटत होती.

काल मामांना फोन करून विचारलं, हे लिहू का? म्हणाले, "लिहा. पर आधी तिला जेवू द्या."

मामा, तुमचे उपकार मी कसे फेडणार, मला ठाऊक नाही.

सुनंदा, तू आत्ता जेवून फोन घेऊन बसली असशील. त्या दिवशी हळद लावून पट्टी बांधताना तू मामांना किती रागावलीस, शटर ओढताना लक्ष कुठं होतं म्हणून... मामांचा अंगठा शटरमध्ये सापडला नव्हता गं.