मीटर शाबूत आहे, असे सांगणाऱ्या रणदिवेबाई

सुमतीबाई रणदिवे यांची नि माझी ओळख भिंगारच्या एका वर्कशॉपमध्ये झाली, एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास. उपकरण तपासणी विभागाच्या त्या प्रमुख. मी शेवगावहून आलेला हंगामी तंत्रज्ञ. बाईंना हट्टी म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते. या गौरवग्रंथात तो शब्द मी मुद्दाम लिहितो आहे, कारण त्या हट्टामुळेच माझी नोकरी राहिली.

विभागात लाल आकडे उजळणारा नवा डिजिटल मल्टिमीटर आला होता. मोजण्याची रेंज लहान असो वा मोठी, त्याच्या दोन टोकांमध्ये विजेला दहा मेगाओहम रोध, म्हणजे अडथळा, असणार, अशी सर्वांची समजूत. वर्कशॉपच्या साहेबांनी दुसऱ्या, सुईच्या मीटरने तो मोजला, तर नवा मीटर लहान रेंजवर असताना सुई जागची हललीच नाही, जणू आतून वीज जातच नव्हती. नवा मीटर शेवटचा मी हाताळलेला. जास्त व्होल्टेज देऊन मी तो जाळला, असे साहेबांनी ठरवून टाकले. मला कामावरून कमी करण्याचा अहवाल सहीसाठी बाईंपुढे आला.

"सही करा, बाई. वरून विचारणा झाली आहे."

"तपासल्याशिवाय करणार नाही."

"सुई हलत नाही. आणखी काय तपासायचं?"

"ती का हलत नाही, ते."

बाईंनी साहेबांना तिथेच बसवून घेतले. एक सेल दहा मेगाओहमच्या रेझिस्टरमधून नव्या मीटरला जोडला. मोठ्या रेंजवर सेलचा आकडा निम्म्यावर आला. व्होल्टेज दोघांत सारखे वाटले गेले, म्हणजे तिथे मीटरचा रोधही रेझिस्टरइतकाच, दहा मेगाओहम होता. लहान रेंजवर मात्र आकडा जवळजवळ पूर्ण दिसला. जळलेल्या मीटरने असे बरोबर मोजले नसते. लहान रेंजवर त्याचा रोध बनवतानाच प्रचंड ठेवलेला होता, आणि म्हणून सुई हलत नव्हती.

"मग अहवालात काय लिहायचं?" साहेबांनी विचारले.

"मीटर शाबूत आहे. आणि आपली समजूत चुकली होती, हेही."

ते दुसरे वाक्य साहेबांना नको होते. बाईंनी ते गाळले नाही. माझ्यावरचा आरोप मिटला, पण त्या वेळची बढती बाईंना डावलून दुसऱ्याला मिळाली. मी हळहळ व्यक्त करायला गेलो, तर म्हणाल्या, "वाक्य खोटं होतं का? मग कामाला लागा."

इकडे माझ्या घरी 'पोरानं सरकारी मशीन मोडलं' अशी वार्ता पोचली होती. हे कानावर येताच बाई रविवारी एसटीने शेवगावला आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "तुमच्या मुलाच्या हातून काहीही मोडलेलं नाही."

वडील संकोचले. "व्हय बाई, पर एवढ्यासाठी तुमी हितवर कशाला आला?"

"बदनामी इथवर आली ना? मग खुलाशानंही यायला हवं."

चारचौघांत, ओट्यावर बसून, त्यांनी ते पुन्हा एकदा सांगितले. वडील त्यानंतर गावात मान वर करून चालले.

आज बाई पंचाहत्तरीत पदार्पण करीत आहेत. त्यांना ठणठणीत प्रकृती आणि उदंड आयुष्य लाभो. त्यांच्या स्पष्ट बोलण्याची ज्यांना अजूनही अडचण होते, त्यांची ती अडचण बाईंच्या शंभरीपर्यंत अशीच कायम राहो.